बर्फावर जाताना खिशात काय असावे?

अंबाजोगाईच्या माणसाने बर्फावरच्या खेळाविषयी लिहावे, हे पाहून काही वाचकांना हसू येईल. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतला, नाहीतर लग्नाच्या मांडवात पिंपात टाकलेला. पारा दहाच्या आसपास उतरला की पहाटे योगेश्वरीच्या दर्शनाला जाणारी मंडळीसुद्धा कानटोपी शोधू लागतात. परंतु गेल्या फेब्रुवारीत आतेभावाबरोबर दहा दिवस काश्मीरमध्ये, गुलमर्ग येथे राहून मी ‘स्नोबोर्डिंग’ शिकून आलो. शिकून आलो म्हणजे काय, निरनिराळ्या तऱ्हांनी पडून आलो! त्या दहा दिवसांत एक संध्याकाळ मात्र अशी आली, की आपल्या खिशात काय आहे आणि काय नाही, यावरच सारे येऊन ठेपले. आपल्या महाविद्यालयातून पुढेमागे कोणी तिकडे जाईल, त्याच्या कामी यावे म्हणून हा लेख.

प्रथम या खेळाची थोडी ओळख. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात व हातात काठ्या. स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी, आणि दोन्ही पाय तिच्यावर आडवे जखडलेले. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्या खेळण्यातून हा प्रकार वाढत गेला, आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथे तो ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. पाय जखडणाऱ्या साधनाला ‘बाइंडिंग’ म्हणतात. ते फळीवर बहुधा चार स्क्रूंनी बसवलेले असते आणि बुटावरून त्याचे दोन दातेरी पट्टे आवळले जातात. फळीला ब्रेक नाही, काठी नाही. वळणे आणि थांबणे सगळे पायांच्या दाबावर. तेव्हा एका पायाचे बाइंडिंग सैल झाले की माणूस जवळजवळ अपंग होतो.

आता हत्यारांकडे वळू. निघण्यापूर्वी आतेभावाने पुण्याहून आणलेला एकवीस पात्यांचा चाकू मी मोठ्या अभिमानाने आमच्या आजोबांना दाखवला. आजोबांनी तो उलटसुलट करून पाहिला. कात्री, करवत, भिंग, बूच काढायचा मळसूत्री खिळा, सगळे उघडून झाले. मग म्हणाले, “हे समदं ठीक हाय बाबा. पण तिथं मोडणार काय हाय, ते इचारलंस का कुणाला?”

मी विचारले नव्हते. आजोबांच्या स्वतःच्या कमरेला जी चंची असते, तिच्यात अडकित्ता, चुन्याची डबी, सुपारी, कात आणि एका कडीत ओवलेले कानकोरणे-दातकोरणे, बस्स. प्रत्येक वस्तू दिवसातून चार वेळा हाताला लागते आणि अंधारातही न चाचपता सापडते. एकही वस्तू ‘असू द्यावी’ म्हणून ठेवलेली नाही.

गंमत अशी, की ज्या स्विस चाकूचे हे सारे वंशज, तोही आरंभी असाच नेमका होता. १८९०च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या सैन्याला जो चाकू हवा होता, त्यात फक्त चार गोष्टी होत्या: पाते, भोके पाडायची आरी, डबा उघडण्याचे साधन आणि डिसमिस. डिसमिस का, तर सैन्याची नवी बंदूक खोलायला तो लागे. आणि डब्याचे साधन का, तर शिपायाचे जेवण डब्यातून येई. कार्ल एल्झेनर या कारागिराने असे चाकू १८९१ साली सैन्याला पुरवले. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी अधिक पात्यांचा चाकू काढला, आणि मग पाती वाढतच गेली. टिम लेदरमन या अमेरिकन माणसाची गोष्टही तशीच. १९७५ साली बायकोबरोबर एका जुन्या मोटारीतून युरोपात फिरताना ती वारंवार बिघडे. खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती. त्या चिडीतून त्याने पक्कड असलेले खिशातले हत्यार बनवायला घेतले, आणि १९८३ साली ते बाजारात आले. दोघांनीही आधी अडचण पाहिली आणि मग हत्यार घडवले. आम्ही मात्र आधी हत्यार घेतले आणि अडचण नंतर भेटली!

ती अशी. गुलमर्गचा रज्जुमार्ग दोन टप्प्यांत आहे. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा थेट अफरवाटच्या माथ्याजवळ, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर. आम्ही नवखे, म्हणून पहिल्या टप्प्यापर्यंतच. सातव्या दिवशी शेवटची घसरण करून झाडीतून खाली येताना आतेभावाच्या मागच्या पायाखाली काहीतरी लटपटले. पाहतो तर चारपैकी दोन स्क्रू बर्फात कुठेतरी पडून गेलेले आणि उरलेले दोन ढिले. ऊन डोंगराआड गेले होते. एकवीस पात्यांचा चाकू बाहेर निघाला. हातमोजे घालून त्यातले पाते उघडेना, म्हणून त्याने मोजे काढले. दोनतीन मिनिटांत बोटे अशी बधिर झाली, की नख लागते आहे की नाही हेच कळेना. शेवटी फुलीचा डिसमिस उघडला तर तो स्क्रूच्या खाचेत सैल फिरू लागला. इथे खरी मेख आहे. घरोघरी असतो तो दोन नंबरचा; खिशातल्या चाकूंत त्याहूनही बारीक. बाइंडिंगचे स्क्रू सहा मिलिमीटर जाडीचे आणि त्यांना लागतो तीन नंबरचा. लहान डिसमिस जोर लावून फिरवला की खाच झिजते, आणि मग योग्य डिसमिस मिळूनही तो स्क्रू हलत नाही.

चालत जावे म्हटले तर वाटेबाहेर कमरेपर्यंत बर्फ. वीस पावले टाकायला केवढा वेळ लागला, ते आठवूनही दम लागतो. तेवढ्यात तिथलाच एक तरुण फळीवरून खाली येताना आम्हाला पाहून थांबला. त्याने फेरनच्या आतून एक डिसमिस काढला: आखूड, मुठीत मावणारा, जाड मुठीचा. हातमोजे न काढताच त्याने ढिले स्क्रू आवळले. मग पुढच्या पायाच्या बाइंडिंगचा एक स्क्रू काढून मागच्याला बसवला. पुढे तीन, मागे तीन! “नीचे तक जाएगा, साहब,” एवढेच म्हणून तो निघूनही गेला.

त्या ‘नीचे तक’मध्ये मला निवडीची सगळी कसोटी दिसते. डोंगरावर दुरुस्ती करायची नसते. खालपर्यंत पोचता येईल एवढी जुळवाजुळव करायची असते. खरी दुरुस्ती खोलीवर, उजेडात, मोठ्या हत्यारांनी. रोज सकाळी खोलीवरच लांब डिसमिसने आठही स्क्रू आवळून पाहिले, तर खिशातले हत्यार बहुधा खिशातच राहते. आम्ही ते सात दिवसांत एकदाही केले नव्हते.

या कसोटीने पाहिले तर यादी फार लांबत नाही. आखूड, जाड मुठीचा तीन नंबरचा डिसमिस सर्वांत आधी. खरेदी करताना दुकानातच हातमोजे घालून तो धरून पाहावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे. पट्ट्यांची जोडणी काही बाइंडिंगमध्ये नटाने असते. आपल्या फळीचा नट मोजून तेवढाच पाना घ्यावा. दोन जादा स्क्रू. पट्टा तुटला तर बांधायला हातभर मजबूत दोरी आणि विजेची कामे करणारे वायरमन वापरतात ते प्लॅस्टिकचे दातेरी टाय चारसहा. कापडी चिकटपट्टीचे मोठे भेंडोळे नको. पेन्सिलीवर दहापंधरा वेढे गुंडाळले की पुरते. बुटाच्या तळाशी आणि बाइंडिंगमध्ये बर्फाचा थर दाबून बसतो व बूट नीट बसत नाही. तो खरवडायला प्लॅस्टिकचा चपटा तुकडा उत्तम. शिट्टी अवश्य, कारण धापा टाकणाऱ्या माणसाचा आवाज झाडीत विरतो. चाकू हवाच असेल तर लहान, मिटणारा, मिटल्यावर आपोआप न उघडणारा. करवत, भिंग आणि बूच काढायचा खिळा आतेभावाने अजून एकदाही वापरलेला नाही.

काय घ्यावे याइतकेच महत्त्वाचे म्हणजे कुठे ठेवावे. नवखा माणूस पडतो तो गुडघ्यांवर, हातांवर आणि बहुतेक वेळा बुडावर. मागच्या खिशातले पोलाद माकडहाडात घुसले तर त्या हत्याराने उपकार नव्हे, अपकारच केला. पाठपिशवीत कण्याला लागून टणक वस्तू ठेवणेही वाईट. जाकिटाच्या खालच्या बाजूचा, चेन असलेला खिसा बरा. हत्यार कापडात गुंडाळून सपाट ठेवावे. त्याला लाल दोरी बांधून दुसरे टोक चेनीला अडकवावे. हातातून सुटलेली वस्तू ताज्या भुसभुशीत बर्फात क्षणात दिसेनाशी होते, हे आमच्या दोन स्क्रूंनी सिद्ध केलेच आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वरच्या टप्प्यावर, आखलेल्या वाटेबाहेर हिमस्खलनाचा धोका असतो. तेथे जाणारे अंगावर संदेशयंत्र बांधतात आणि पाठीवर फावडे व शोधकाठी नेतात. बर्फाखाली दबलेल्या माणसाच्या दृष्टीने पहिली दहापंधरा मिनिटेच मोलाची असतात, आणि ती साधने खिशातल्या कोणत्याही हत्याराने भरून निघत नाहीत. उलट मोबाइल आणि धातूच्या वस्तू त्या यंत्राच्या संदेशात अडथळा आणतात. म्हणून त्यापासून त्या निदान वीस सेंटिमीटर दूर असाव्यात आणि शोध घेताना पन्नास सेंटिमीटर. आम्ही नवख्यांनी तिकडे जाऊच नये, हे आमच्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. मोबाइल तसाही आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. थंडीत त्याची बॅटरी पाहता पाहता उतरते.

प्रवासाचेही सांगितले पाहिजे. आपल्या गावाला रेल्वे नाही, परळीला जाऊन गाडी धरायची. पण श्रीनगरचा शेवटचा टप्पा बहुतेक जण विमानाने करतात. चाकू-डिसमिस हातातल्या पिशवीत चालत नाहीत, ते सामानात द्यावे लागतात; आणि मोबाइलची जादा बॅटरी सामानात चालत नाही, ती हातातच ठेवावी लागते. जाताना आम्ही नेमके उलटे बांधले होते, आणि विमानतळावर सगळ्या रांगेसमोर दोन्ही पिशव्या उपसाव्या लागल्या.

परत आल्यावर हत्यारे पुसून, तेलाचा थेंब देऊन ठेवावीत, नाहीतर बिजागरी गंजते. मी श्रीनगरच्या बाजारात तसाच आखूड डिसमिस विकत घेतला. सध्या तो आजोबांकडे आहे. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचे झाकण उघडायला बरा पडतो म्हणतात. पुढच्या फेब्रुवारीत जायचे ठरले तर परत मागावा लागेल.