हृदय आणि आमच्या संवयी

आपल्या मुठीएवढें हृदय दिवसाकाठीं सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतें. त्यास रविवार नाहीं कीं सणाची सुटी नाहीं. अशा ह्या निष्ठावंत सेवकाची आठवण आम्हांस तो आजारी पडल्यावांचून होत नाहीं. हृदयविकार हा उतारवयाचा रोग, त्याचा विचार पन्नाशीनंतर करूं, असा समज आमच्यांत रूढ आहे. तो कितपत खरा आहे हें येथें पाहूं.

हृदय सर्व शरीरास रक्त पुरवितें. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूंस जें रक्त लागतें तें त्याच्या पृष्ठभागावरील लहान धमन्यांतून येतें. ह्या धमन्यांच्या अस्तराखालीं चरबीयुक्त पदार्थांचा थर हळूहळू सांचत जातो. थेंबें थेंबें तळें साचे, ही म्हण येथें दुर्दैवानें खरी ठरते. एखादे दिवशीं तो थर फाटतो, तेथें रक्ताची गुठळी धरते, वाट बंद होते आणि पलीकडील स्नायू रक्तावांचून मरूं लागतो. ह्यासच हृदयविकाराचा झटका म्हणतात. झटका क्षणांत येतो. त्याची तयारी मात्र अनेक वर्षें चाललेली असते. कोरियाच्या युद्धांत मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचीं हृदयें लष्करी डॉक्टरांनीं तपासलीं व त्याचा वृत्तांत १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. त्या सैनिकांचें सरासरी वय अवघें २२ होतें. तरीही शंभरांत सुमारें ७७ जणांच्या धमन्यांत रोगाचीं चिन्हें आढळलीं.

मग हा रोग एकास लौकर गांठतो आणि दुसऱ्यास नाहीं, असें कां? ह्याचें एक उत्तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांत सांपडलें. अशा गाड्या मुंबईकरांसही १९३७ सालापासून परिचित आहेत. डॉक्टर जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं लंडनच्या वाहतूक-खात्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारें ३१ हजार पुरुषांची पाहणी केली. एकाच गाडीवर दोघे नोकर. एक दिवसभर चाकापाशीं बसून गाडी हांकणारा, दुसरा तिकिटें देत दिवसांतून सुमारें ६०० पायऱ्या चढणारा कंडक्टर. १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दिसून आलें कीं, कंडक्टरांत हा रोग कमी होता, तो उशिरां येत होता, आणि आला तरी कमी प्राणघातक होता. टपाल वांटणारे शिपाई व बैठें काम करणारे कारकून ह्यांची तुलना केली असतांही तोच प्रकार दिसला.

कोणी म्हणेल, गाडी हांकणारे मुळांतच लठ्ठ असतील. मॉरिस ह्यांसही ही शंका आली, म्हणून त्यांनीं गणवेशांचीं मापें मिळविलीं. गाडी हांकणाऱ्यांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी निघाली. तथापि सडपातळ चालक व सडपातळ कंडक्टर ह्यांची तुलना करतांही कंडक्टरच अधिक सुरक्षित आढळले. म्हणजे नुसता बारीक बांधा पुरेसा नाहीं, हालचाल हवीच.

आम्हां भारतीयांस ह्या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. ५२ देशांतील माहितीवरून २००७ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, भारत व शेजारच्या देशांतील लोकांस पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं येतो. इतरांस तो सुमारें ५९ व्या वर्षीं येतो. सहा वर्षें म्हणजे एखाद्या मुलाचें सारें उच्च शिक्षण होय!

आमचा नवा नोकरदार तरुण दिवसभर खुर्चीवर बसतो, चहाबरोबर फरसाण खातो, कामाचा ताण सिगारेटीच्या धुरांत उडवूं पाहतो व रात्रीं जागतो. ह्यांपैकीं प्रत्येक गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सर्व मिळून तोच थर वाढवितात. उपाय मात्र सोपे आहेत. आठवड्यांतून निदान १५० मिनिटें भरभर चालावें. जिना असतां लिफ्टची वाट पाहूं नये. मीठ दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी असावें. लोणचें, पापड व फरसाण ह्यांतील मीठही त्यांतच धरावें. तंबाखूस शिवूं नये. ज्यांनीं धूम्रपान सोडलें त्यांचा वाढलेला धोका एका वर्षांत सुमारें निम्म्यावर येतो. रक्तदाब वाढला तरी बहुधा कांहींच दुखत नाहीं, म्हणून तो वेळोवेळीं मोजून घ्यावा.

पालकांस एक विनंती. छातीवर दडपण येऊन घाम सुटला, किंवा कळ डाव्या हातांत अथवा जबड्यांत गेली, तर पित्त समजून ओवा चावीत बसूं नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेथें मिनिटामिनिटाची किंमत असते.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुम्हीही कचेरींत किंवा कारखान्यांत जाल. आज मैदानावर धांवणारे तुमचे पाय नोकरी लागतांच विसांवूं देऊं नका. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपले वडील सांगत आले आहेत. ही विहीर खणण्याचे दिवस तुमच्या हातीं आतांच आहेत.