शेंगेमागे राहिलेलं पान

व्हॅनिलाचं पान जाड आणि मांसल असतं. मोडलं की चिकट रस येतो आणि तो अंगाला लागला तर खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. व्हॅनिलावरचं बहुतेक लिखाण शेंगेभोवती फिरतं, आणि पैसा तिथेच असल्यामुळे त्यात नवल नाही. पेशीभित्तीचा इतिहास चाळताना मात्र मला पानच अधिक बोलकं वाटतं.

भित्तीचे घटक एकेक करून कळत गेले. लिग्निनला १८१३ मध्ये द कांदोल यांनी नाव दिलं. ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये पेक्टिन ओळखलं, पायेन यांनी १८३८ मध्ये सेल्युलोज. हेमिसेल्युलोज हे नाव शुल्झ यांचं, १८९१ चं. या सगळ्यांचं प्रमाण वनस्पतीगणिक किती बदलतं, हे उमगायला पुढची बरीच दशकं गेली.

गवताने त्यात मोठी भर घातली. १९७६ मध्ये हॅरिस आणि हार्टली यांनी गवताच्या पेशीभित्तींवर अतिनील किरण टाकले, तर त्या निळ्या चमकल्या. अमोनिया लावताच हिरव्या झाल्या. ही करामत भित्तीला जखडलेल्या फेरुलिक आम्लाची. पुढे केळ, आलं, ताड यांच्यातही ते आढळलं. कांदा, लिली आणि ऑर्किड (व्हॅनिला याच कुळातला) यांच्या मऊ भित्ती मात्र तशा चमकेनात.

आता गंमत पाहा. फेरुलिक आम्लाच्या शेपटीतले दोन कार्बन गेले की व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाच्या सुगंधी द्रव्याचा, सांगाडा उरतो. ज्या वेलाचा सगळा बोलबाला व्हॅनिलिनवर, त्याच्याच पानाच्या मऊ भित्तींत हे आम्ल जखडलेलं नाही! १९९३ मध्ये कार्पिटा आणि गिबो यांनी भित्तींचे दोन प्रकार मांडले. पेक्टिनने समृद्ध ती पहिली, गवताची ती दुसरी. ऑर्किडं पहिल्या बाजूची. व्हॅनिलाचं पान पानफुटीसारखं रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्ल साठवतं आणि त्यासाठी पेशी भरपूर पाणी धरून ठेवतात. त्यांना लवचिक भित्तीच सोयीची पडत असावी.

२०१२ मध्ये चेन, डिक्सन, राल्फ आदींना याच वेलाच्या बियांच्या कवचात जवळजवळ निव्वळ कॅफील अल्कोहोलपासून बनलेलं लिग्निन सापडलं. ते एकजिनसी आणि सरळ साखळीचं, म्हणून पुढे त्यापासून कार्बन तंतूही काढून पाहिले गेले. वेलाच्या हिरव्या भागांत मात्र नेहमीचंच लिग्निन. त्यामुळे त्यांचा उल्लेख आला तो तुलनेपुरता.