कलाटणीचा दिवस कोणता?

माझा एक भाचा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागला आहे. मेच्या सुटीत तो आमच्याकडे सोलापूरला आला तो एक प्रश्न घेऊनच. "आत्या, दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी मिळाली ती नेमकी कधी? चार ओळींत सांग." आत्या शिकवते मराठी, परंतु घरात पुस्तके फार असली की असले प्रश्न वाट्याला येतातच.

मी चार ओळी सांगितल्या. जून १९४२ मध्ये मिडवे बेटाजवळ जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईजिप्तमध्ये एल अलामीनला रोमेलच्या फौजेला माघार घ्यावी लागली. तेथे हिंदी पलटणीही होत्या. १९ नोव्हेंबरला रशियनांनी स्टालिनग्राडजवळ प्रतिहल्ला चढविला, चार दिवसांत वेढा पुरा झाला आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजी तेथील उरल्यासुरल्या जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. आठ महिन्यांत फासे उलटले!

त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि सहज म्हणाला, "हे सगळं तिकडंच घडलं. आपल्याकडं त्याचं काय?"

तेव्हा मला आमच्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण झाली. युरोपातले युद्ध १९३९ मध्ये पेटले. पण जपान आणि चीन यांच्यात ते १९३७ पासूनच चालू होते. जखमी चिनी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात कोटणीस होते. पथकातले सहकारी पुढे मायदेशी परतले. हे तेथेच राहिले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलगा अगदी तान्हा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. तारीख पाहा. स्टालिनग्राडचा वेढा पडून पंधरा-सोळा दिवस झाले होते. आपण ज्याला आज कलाटणी म्हणतो ती घडत होती, आणि त्या डोंगराळ मुलखातल्या रुग्णालयात ह्या सोलापूरकराला तिचा शेवट काही पाहायला मिळाला नाही. कोण जिंकणार हे ठाऊक नसतानाच त्याने आपले आयुष्य दिले होते.

भाचा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मी त्याला अक्कलकोट रस्त्याने कुंभारीला घेऊन गेले.

कुंभारीला पाहण्यासारखे काय? देऊळ नाही, किल्ला नाही. ओळीने बांधलेली लहान लहान घरे आहेत, दहा हजार. विडी वळणाऱ्या बायकांची ही वसाहत. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. दारोदारी मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने नि तंबाखू. बोटे चालू, आणि गप्पा तेलुगूत. वसाहतीचे नाव गोदूताई परुळेकर.

"ह्या बाईंना विचार, युद्धाची कलाटणी कधी," मी म्हटले.

पुण्याच्या वकील गोखल्यांची ही मुलगी. स्वतः कायदा शिकलेली. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या आणि पती शामराव कम्युनिस्ट पक्षात होते. हे साम्राज्यवाद्यांचे भांडण, त्यात हिंदुस्थानने पडू नये, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. त्या चळवळीपायी दोघांना तुरुंग घडला. आणि २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर स्वारी केली. त्या वर्षाच्या अखेरीस पक्षाने भूमिका बदलली. तेच युद्ध आता लोकयुद्ध ठरले. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठविली. त्याच वर्षी गोदूताईही सुटल्या.

आणि लगेच ऑगस्ट उजाडला! 'चले जाव'च्या घोषणेने देश पेटला, आणि हा पक्ष बाजूला उभा राहिला. त्याचा सल पुष्कळांच्या मनात राहिला. माझ्या माहेरी त्यावरून जेवणाच्या पंगतीत ताटे थंड झालेली आहेत. बरोबर कोण, चूक कोण, हे मी भाच्याला सांगितले नाही. एवढेच म्हटले की, हजारो कोसांवरच्या एका स्वारीने इथल्या माणसांपुढे देश की जग, असा पेच टाकला, आणि उत्तर द्यायला निकालाची वाट पाहण्याची सोय नव्हती.

पुढे गोदूताई ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत गेल्या. ८ मे १९४५ रोजी युरोपातले युद्ध संपले. पंधराच दिवसांनी, २३ मेला, झरी गावी पाच हजार वारली जमले. बारा आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर राबायचे नाही, असे त्यांनी ठरविले. जगाच्या इतिहासात ती तारीख नाही. वारल्यांच्या इतिहासात तीच कलाटणी.

एका ओसरीवर आम्ही पाणी प्यायलो. भाच्याने त्या घरच्या मावशींना विचारले, "गोदूताई कोण, ठाऊक आहे का?"

"फोटो बघितलाय," त्या म्हणाल्या. बोटे थांबली नाहीत. "आधी भाड्याच्या खोलीत होतो. घरवाला रोज म्हणायचा, खाली करा. हे घर माझ्या नावावर झालं, त्या दिवसापासून मला कुणी खाली करा म्हणालं नाही."

परतताना भाच्याने वही उघडली. मिडवे, एल अलामीन, स्टालिनग्राड ह्या ओळी तशाच ठेवल्या. परीक्षेला त्याच लागणार. त्यांच्याखाली त्याने २२ जून १९४१ लिहिले, मग २३ मे १९४५. नंतर थोडा वेळ खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "आत्या, त्या मावशींना घर कुठल्या तारखेला मिळालं, ते विचारायचं राहिलंच की!"