पाचोळ्यातील चित्रशाळा

इंदूरला देवळालीकरांच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार विष्णु चिंचाळकर (१९१७–२०००) व्यक्तिचित्रणात निष्णात होते. पुढे मात्र त्यांचे मन वाळकी पाने, साली व काटक्या यांत रमले. मुले ‘गुरुजीं’कडे जात, तेव्हा गिरविण्यास नमुना मिळत नसे. डहाळी फिरवून पाहावयाची, तीत पक्षी कोठे दडला आहे तो हुडकावयाचा, आणि मोडतोड होईल तितकी कमी करावयाची. हुबेहूब नकलेस गुण देणाऱ्या शाळांना हे अवघडच! सेंद्रिय शेतीत पाचोळा जाळीत नाहीत, कुजवून मातीस परत देतात. गुरुजी तो मुलांच्या दृष्टीस परत देत. धाराशिवकडील विद्यार्थ्यांस याकरिता इंदूर गाठावयास नको. ज्वारीचे धाट आणि तुरीची काटकी बांधावरच सापडते.