वाफ, धूळ आणि सिरॅमिकचा लेप

बीड जिल्ह्यात टर्बाइन म्हटले की परळीचे औष्णिक वीज केंद्र आठवते. १९७१ मध्ये तिथला पहिला संच सुरू झाला. अशा केंद्रांत टर्बाइनकडे जाणारी वाफ साधारण ५४० अंश सेल्सिअसची असते. पोलादाची मिश्रणे ती सोसतात. आधुनिक विमानाच्या इंजिनात मात्र जळता वायू १५०० अंशांपुढे जातो. निकेलची उत्तम मिश्रणेही तिथे वितळतील. म्हणून पाती आतून हवा खेळवून थंड ठेवतात, वरून झिर्कोनिया या सिरॅमिकचा लेप देतात. पण थंडाव्यासाठी वळवलेल्या हवेची किंमत इंधनात मोजावी लागते.

यावर उपाय म्हणून सिलिकॉन कार्बाइडमध्ये त्याचेच तंतू गुंफलेले संमिश्र आले. वजन निकेलच्या मिश्रणांच्या जेमतेम तिसरा हिस्सा, आणि ते १३०० अंशांपर्यंत टिकते. २०१६ मध्ये लीप नावाच्या विमान-इंजिनातून ते प्रवासी सेवेत उतरले. टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे कडे त्याचे असते. आपल्याकडे उडणाऱ्या अनेक ए-३२० निओ विमानांना हेच इंजिन आहे.

या पदार्थाचा पहिला शत्रू वाफ. कोरड्या उष्ण हवेत सिलिकॉन कार्बाइडवर सिलिकाचा पातळ थर धरतो आणि तोच त्याला राखतो. पण इंधन जळताना पाण्याची वाफ होतेच. ती सिलिकाशी संयोग पावून वायुरूप संयुग बनवते, वेगवान झोत ते वाहून नेतो आणि भाग झिजत राहतो. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील औद्योगिक टर्बाइनांवर या संमिश्राच्या चाचण्या सुरू झाल्या. लेप नसलेली ज्वलनकक्षाची अस्तरे सुमारे ५,००० तासांत झिजली. लेप दिलेल्यांनी सुमारे १४,००० तास काढले.

आजच्या लेपात खाली सिलिकॉनचा थर, वर यटर्बियम सिलिकेट. पूड तप्त प्लाझ्माच्या झोतात वितळवून फवारतात. थेंब आदळून चपटे होतात, थरावर थर बसतो. जाडी अर्ध्या मिलीमीटरच्या आत. भिंत आणि गिलावा वेगवेगळे प्रसरण पावले की गिलावा सुटतो, तसेच इथे. झिर्कोनिया सिलिकॉन कार्बाइडच्या जवळपास दुप्पट फुगतो, म्हणून तो या संमिश्रावर थेट चालत नाही. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतो. या लेपाची मर्यादा तिथेच ठरते.

दुसरा शत्रू धूळ. कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका असलेली धूळ १२०० ते १२५० अंशांच्या सुमारास काचेसारखी वितळते, लेपात मुरते आणि थंड होताना त्याला तडकवते. १९८२ मध्ये इंडोनेशियात ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. राख आत वितळून चिकटली होती.

बीडची जमीन बेसाल्टची, म्हणजे जुन्या लाव्हाचीच. काळ्या मातीत हे घटक आहेत, चुनखडीचे खडे आहेत. पण धूळ कधी वितळेल आणि लेपाला किती खाईल, हे कॅल्शियम व सिलिकाच्या प्रमाणावर अवलंबून असते. ते प्रत्येक मुलखात वेगळे. प्रयोगशाळांतल्या चाचण्या बहुतेक ठरावीक कृत्रिम मिश्रणावर होतात.

भारतात अशा लेपांच्या विद्येचा पाया आहे. २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीसाठी सिलिकॉन कार्बाइडचा लेप असलेला कार्बन-कार्बन नॉझल तयार केला. मराठवाड्याचा वाटा धुळीपासून सुरू होऊ शकतो. १३०० अंशांची भट्टी, लेपाचा छोटा तुकडा आणि त्यावर दाबलेली आपल्या रानातली धूळ, इतक्यावर पहिली चाचणी होते. बीड-अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावे. आपल्या मातीचा स्वभाव आपणच मोजून जगापुढे मांडला पाहिजे.