उकळले म्हणजे सगळे निभावले?

जोगेश्वरी-गोरेगावकडे ज्यांच्या घरी गोठ्यातल्या दुधाचा रतीब आहे, त्यांच्यापाशी दुधाचा विषय काढला की उत्तर ठरलेले असते. "आमचे दूध डोळ्यांदेखत काढलेले असते आणि आम्ही ते चांगले उकळून घेतो." यातले पहिले म्हणणे बहुधा अर्धेच खरे असते, कारण पहाटेच्या अंधारात धार काढताना म्हशीशेजारी उभे राहणारे गिऱ्हाईक विरळाच. दुसरे मात्र खरे असते. आपल्या घरांत दूध तापवल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही आणि या एका सवयीने कित्येक आजार दारातूनच परत गेले आहेत. तरीही उकळण्याने सगळेच निभावते असे नाही. काय निभावते आणि काय निभावत नाही, ते आज पाहू.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. एके काळी ऐन शहरात, दाट वस्तीत म्हशींचे तबेले होते. माणसे वर, जनावरे खाली, मध्ये शेणामुताचा चिखल आणि माशा. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी पुढाकार घेऊन १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी केली. म्हशी मालकांच्याच राहिल्या, पण गोठे, पाणी आणि गुरांचे डॉक्टर यांची व्यवस्था सरकारने केली. दूध तिथेच पाश्चरीकरण करून बाटल्यांत भरले जाई. या कामाबद्दल खुरोडींना १९६३ मध्ये वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेच्या काचेच्या बाटल्या आणि रंगीत पट्ट्यांची झाकणे जुन्या वाचकांना आठवत असतील. पुढे १९७६ मध्ये शहरात गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदाही झाला. पण आरेच्या योजनेतली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. तिथे आधी गोठा सुधारला, मग डेअरी आली. आपण घरी मात्र सगळा भार शेवटच्या टोकाला, गॅसवरच्या पातेल्यावर टाकतो.

पातेले आपले काम चोख करते, हे आधी सांगितले पाहिजे. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस, टायफॉइड, जुलाब यांचे जंतू माणसात येऊ शकतात. दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवले तरी हे जंतू मरतात. डेअरीतले पाश्चरीकरण म्हणजे एवढेच. उकळलेले दूध त्याच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून 'धारोष्ण दूध अमृत' हा समज सोडून द्यावा, मग म्हैस ओळखीची असो वा घरची. एक बारकावा मात्र आहे. दुधावर साय धरली की तिच्याखाली वाफ कोंडते आणि दूध एकदम वर येते. आपण झटकन गॅस बंद करतो आणि उकळी आली असे समजतो. तसे न करता आच मंद करावी आणि ढवळत आणखी दोन-तीन मिनिटे दूध उकळू द्यावे.

आता न निभावणाऱ्या गोष्टी. जंतू मेले, तरी मरण्यापूर्वी त्यांनी दुधात सोडलेले विष मरतेच असे नाही. म्हशीच्या कासेला सूज आली (आपल्याकडे तिला कासदाह किंवा दगडी म्हणतात) की त्या दुधात स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू असू शकतात. माणसाच्या हाताच्या पिकलेल्या फोडातही हेच जंतू असतात. दूध उबेत राहिले की ते भराभर वाढतात आणि असे विष तयार करतात की ते उकळूनही टिकते. असे दूध पोटात गेले की काही तासांतच उलट्या आणि पोटात मुरडा सुरू होतो. मग घरातली बाई म्हणते, "दूध तर मी उकळले होते." तिचे काही चुकलेले नसते. चूक चार तास आधी आणि चार मैल दूर झालेली असते.

धार काढल्यापासून दूध गार होईपर्यंतचा वेळ म्हणूनच मोलाचा. ताज्या दुधात जंतूंना आवर घालणारे काही नैसर्गिक घटक असतात, पण त्यांचा जोर थोडाच वेळ टिकतो. नंतर मुंबईच्या उकाड्यात जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले असे धरले, तर पाच तासांत एकाचे हजार होतात. दूधवाले कॅनमध्ये बर्फाचा खडा टाकतात तो याच भीतीने. पण तो बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कुणी विचारत नाही. बर्फ कॅनच्या बाहेर, भोवती हवा.

दुसरी न निभावणारी गोष्ट औषधांची. कासदाह झालेल्या म्हशीच्या सडात प्रतिजैविकांची नळी सोडतात. औषध संपल्यावरही ठरावीक दिवस त्या म्हशीचे दूध विकायचे नसते. हे दिवस प्रत्येक औषधागणिक वेगळे असतात आणि वेष्टनावर छापलेले असतात. उकळण्याने हे औषध पुरते जात नाही. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दही लावणारे जंतूही त्याने दबतात. नेहमीचे विरजण, नेहमीची ऊब, आणि तरी दही पुन्हा पुन्हा लागेना, तर दूधवाल्याला विचारायला हरकत नाही. हा पुरावा नव्हे. पण विचारण्यापुरते कारण आहे.

तिसरी गोष्ट चाऱ्याची. पावसाळ्यात भिजून बुरशी आलेली पेंड जनावराने खाल्ली तर त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष दुधात उतरते. ते यकृताला घातक आहे आणि उकळण्याने जात नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. सुमारे ९३ टक्के नमुने खाण्यास सुरक्षित निघाले. भेसळीमुळे असुरक्षित निघाले अवघे १२. पण मर्यादेपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन ३६८ नमुन्यांत आणि प्रतिजैविके ७७ नमुन्यांत आढळली. विशेष म्हणजे अफ्लाटॉक्सिनचा दोष सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक दिसला. तेव्हा पिशवीचे दूध घेणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. आपण युरिया आणि साबणाच्या भेसळीची जितकी चर्चा करतो, तितकी ओलसर पेंडीची करत नाही.

गोठ्यात करायचे काम महागडे नाही. हात साबणाने धुवावेत, कास धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी करावी, प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात, काळ्या कापडावर काढाव्यात. गुठळ्या किंवा रक्ताची छटा दिसली तर ते दूध बाजूला ठेवावे. अंगठा मुडपून सड ओढण्याची सवय वाईट, त्याने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने धार काढावी. धार संपली की सड आयोडीनच्या औषधात बुडवावेत आणि म्हशीपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते आणि बसली तर ती शेणातच बसणार. कासदाहाच्या चार दिवसांचे दूध ओतून टाकायला सांगणे मात्र सोपे नाही. दहा-बारा म्हशींच्या मालकाला ते नुकसान जाणवते आणि भाव पाडून मागणारे गिऱ्हाईकही त्यात भागीदार असते.

या सगळ्यात सर्वांत जास्त धोका असतो तो गोठ्यात राबणाऱ्या गड्याला. मुंबईचे गोठेवाले परंपरेने हरियाणा-गुजरातेतून दुभत्या म्हशी विकत आणतात. त्यांना पूर्वी काय झाले होते, हे इथे कुणाला ठाऊक नसते. गाभडलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या जनावराची वार उघड्या हातांनी ओढताना ब्रुसेलोसिसचे जंतू कातडीवरच्या ओरखड्यांतून शिरतात. मग येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे धरणे असे आठवडेच्या आठवडे चालते. मलेरिया, टायफॉइडची औषधे होतात, ताप हटत नाही. असा ताप असेल तर आपण गोठ्यात काम करतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. रक्ततपासणीत निदान होते, पण दोन औषधे साधारण सहा आठवडे न चुकता घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर ताप उलटतो. हातमोजे वापरावेत, विकत घेतानाच म्हशीचे रक्त तपासावे. पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात टोचायची लस सरकारी कार्यक्रमातून मिळते.

घरी दूध आले की लगेच तापवावे. ते न जमले तर निदान फ्रिजमध्ये ठेवावे. तापवलेले पातेले ओट्यावर जाळीखाली दुपारपर्यंत राहू देऊ नये, कारण काही जंतूंची बीजे उकळीतूनही वाचतात आणि कोमट दुधात पुन्हा रुजतात. पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवले की लवकर निवते, मग फ्रिजमध्ये. सकाळचे उरलेले दूध संध्याकाळच्या दुधात मिसळू नये. आणि ओळखीच्या गोठ्यातून खरवसासाठी चीक आला तर तोही कच्चा चाखू नये. वाफेवर पुरता उकडून, सुरी घातली तर स्वच्छ बाहेर येईल इतका घट्ट झाल्यावरच वाटीत घ्यावा.