मांजराच्या पिल्लाला घर कसे द्यावे?

मांजर हा पाळीव प्राणी आहे. त्याला चार पाय, दोन कान, मिशा व एक शेपटी असते. हे आपण सगळ्यांनी दुसरीत निबंधात लिहिले आहे. पण मांजराची पिल्ले सापडली तर काय करावे, हे निबंधात नसते. ते मला चूक झाल्यावर कळले. गुरुजी म्हणाले, "चुकलीस ते पण लिही. म्हणजे दुसरे चुकणार नाहीत." म्हणून मी लिहीत आहे.

आधी माझी चूक

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या गोठ्यामागे कडब्याच्या गंजीत मला दोन पिल्ले दिसली. त्यांचे डोळे मिटलेले होते. मांजर कुठेच नव्हती. मला वाटले, ती टाकून गेली. मी दोन्ही पिल्ले फ्रॉकच्या ओच्यात घेतली आणि घरी आणली. वाटीत गाईचे दूध दिले. ती पिईनात. मग कापसाच्या बोळ्याने तोंडात पिळले.

आजी शेतातून आली आणि म्हणाली, "काहून उचललीस गं? तिची माय हुडकत असंल." आणि खरंच, रात्री मांजर गंजीपाशी ओरडत फिरत होती. बाहेर पाऊस लई होता. मी म्हटले, सकाळी नेऊन ठेवू. सकाळी एक पिल्लू गार पडले होते. दुसरे मी पळत जाऊन गंजीत ठेवले आणि लांब उभी राहिले. थोड्या वेळाने मांजर आली. तिने पिल्लाची मान तोंडात धरली व घेऊन गेली. ते जगले.

मेलेले पिल्लू आम्ही लिंबाखाली पुरले. त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढे गावात जनावरांचे डॉक्टर लाळ-खुरकताची लस टोचायला आले. आमचा बैल धरून ठेवला होता तेव्हा मी त्यांना सगळे विचारले. ते हसले नाहीत. त्यांनी नीट सांगितले. ते मी वहीत लिहून घेतले. तेच खाली देत आहे.

पिल्ले दिसली तर काय करावे?

१. लगेच हात लावू नये. मांजर शिकारीला जाते. तिला यायला काही तास लागतात. आपण जवळ बसलो तर ती भिऊन येत नाही. म्हणून लांब उभे राहून वाट पाहावी.

२. एकटे पिल्लू दिसले तरी ते टाकलेले आहे असे समजू नये. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते असे म्हणतात. जागा धोक्याची वाटली की ती जागा बदलते. ती एका वेळी एकच पिल्लू नेते. बाकीची तेव्हा एकटी दिसतात.

३. कुत्रे असेल, पाणी भरत असेल किंवा रस्ता असेल तर पिल्लू उचलून जवळच आडोशाला ठेवावे. फार लांब नेऊ नये. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू घेत नाही असे लोक म्हणतात. पण ती बहुतेक वेळा घेते. आमच्या मांजरीने घेतले.

४. मांजर मेली असेल किंवा आलीच नाही तर मगच पिल्लू घरी आणावे. आधी ऊब द्यावी. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. लहान पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये, ते पचत नाही.

५. गाईचे, म्हशीचे दूध देऊ नये. त्याने पिल्लाला हगवण लागते. डॉक्टरांना विचारून पिल्लाच्या दुधाची पावडर आणावी. पाजताना पिल्लू पालथे धरावे, उताणे धरू नये. उताणे धरले की दूध छातीत जाते. मी उताणे धरले होते.

६. डोळे मिटलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, रात्रीसुद्धा. पाजल्यावर कोमट ओल्या फडक्याने त्याचे खालचे अंग पुसावे. मांजर जिभेने चाटते तेव्हाच ते शी-शू करते. आपल्याला जीभ लावता येत नाही, म्हणून फडके.

७. मांजर चावले किंवा बोचकारले तर घरी लपवू नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व लगेच दवाखान्यात जावे.

पिल्लू किती दिवसांचे आहे हे कसे ओळखावे?

जन्मते तेव्हा पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते, म्हणजे एका मोठ्या कांद्याएवढे. एक ते दोन आठवड्यांत डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यात ते लटपट चालते. चौथ्या आठवड्यापासून थोडे मऊ खाते. आठ आठवड्यांचे झाले की आईला सोडून राहू शकते. त्याच्या आधी दुसऱ्याच्या घरी देऊ नये.

यंदाची चार पिल्ले

यंदा श्रावणात शेजारच्या काकांच्या ज्वारीच्या पोत्यांमागे मांजर व्याली. चार पिल्ले झाली. काका म्हणाले, "जरा मोठी झाली की पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडून देतो." आपल्याकडे पुष्कळ जण असेच करतात. पण तिकडे पिल्लांना खायला कोण देणार? काही उपाशी मरतात, काही कुत्री खातात.

मी गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, जनावराला उपाशी मरेल असे सोडून देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी १९६० साली भारत सरकारने कायदा केला आहे. मी तो कायदा काकांना सांगायला निघाले. तर आजी म्हणाली, "कायदा सांगायला जाऊ नको. विनंती करायला जा." मग आम्ही वर्गातली पाच जणं मिळून गेलो. "काका, दोन महिने द्या. आम्ही घरं बघतो." काका म्हणाले, "बघा. पण माझ्या ज्वारीत घाण झाली नाही पाहिजे." आम्ही घमेल्यात माती भरून ठेवली. मांजर आपण होऊन मातीत जाते आणि झाकते. घाण झाली नाही.

आम्ही पिल्लांना पाजले नाही. मांजरीलाच खायला घातले. उकडलेले अंडे, भाकरीचे तुकडे, कधी मासळीचे डोके. तिचे पोट भरले की तिला दूध येते आणि पिल्लांचे आपोआप भागते. सगळ्यात सोपे काम हेच आहे.

घर देताना काय विचारावे?

दसऱ्याच्या सुमाराला आम्ही घरोघर गेलो. आधी आम्ही नुसते "पिल्लू पाहिजे का?" असे विचारायचो. मग आम्ही प्रश्न ठरवले.

घरातली मोठी माणसे तयार आहेत का? लेकरू हो म्हणते आणि माय संध्याकाळी परत आणून देते.

घरात उंदराचे औषध टाकता का? औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही मरू शकते. मांजर पाळायचे तर औषध बंद.

पहिले आठ दिवस खोलीत ठेवाल का? एक पिल्लू आम्ही मोसंबीच्या बागेतल्या शेडात दिले. त्यांनी पहिल्याच दिवशी मोकळे सोडले. तीन दिवसांनी ते काकांच्या दारात ओरडत आले. आम्ही परत नेऊन दिले आणि या वेळी दार लावून ठेवायला सांगितले. आता ते तिथेच राहते.

गावाला गेलात तर कोण बघेल? माझ्या मैत्रिणीला एक पिल्लू पाहिजे होते. पण तिचे आईबाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ती पण जाते. घराला कुलूप असते. ती रडायला लागली. मग आम्ही ठरवले की पिल्लू तिचेच, पण ती कारखान्यावरून येईपर्यंत मी सांभाळायचे. ते आमच्याकडे आहे. उन्हाळ्यात ती आली की मी देणार आहे. मला द्यावेसे वाटणार नाही, पण देणार आहे.

तिसरे पिल्लू पिठाच्या चक्कीवर दिले. तिथे उंदीर फार होते. चक्कीवाल्या मावशी म्हणतात, "आता पोती कुरतडत नाहीत."

मोठ्या शहरात काय करतात?

मुंबईत परळला प्राण्यांचे मोठे रुग्णालय आहे. लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ते बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे आहे. प्राण्यांना कोणी छळू नये म्हणून मुंबईत १८७४ साली एक संस्था निघाली. हे रुग्णालय त्या संस्थेचे आहे. तिथे मांजरांवरही उपचार होतात.

मुंबई-पुण्यात काही माणसे पगार न घेता मांजरांचे काम करतात. सापडलेले पिल्लू कायमचे घर मिळेपर्यंत आपल्या घरी ठेवतात. त्याला पालक घर म्हणतात. मला हे ऐकून बरे वाटले, कारण मी पण तेच करते आहे. ते मांजरांचे ऑपरेशनही करून आणतात. मग त्यांना पिल्ले होत नाहीत. ऑपरेशन झालेल्या भटक्या मांजराच्या कानाचे टोक थोडे कापतात, म्हणजे पुन्हा कोणी पकडत नाही.

मांजर माणसाजवळ काहून आले? माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस नावाच्या बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, असे शास्त्रज्ञांनी २००४ साली जाहीर केले. म्हणजे मांजर आधीपासून शेतकऱ्याचेच आहे.

एक पिल्लू राहिले आहे

चौथे पिल्लू कोणी घेतले नाही. ती भाटी आहे. सगळे म्हणतात, "बोका असला तर द्या." मी आजीला विचारले, भाटी काहून नको? आजी म्हणाली, "भाटी म्हणजे परत पिल्लं."

ते खरे आहे. भाटी सहा महिन्यांची झाली की तिला पिल्ले होऊ शकतात, कधी त्याआधीही. पिल्ले पोटात नऊ आठवडे असतात. एका वेळी तीन ते पाच होतात, आणि वर्षातून दोन-तीनदा होऊ शकतात. म्हणून लोक भाटी घेत नाहीत, आणि पोत्यात आधी भाटी जाते.

पण ऑपरेशन केले तर ही अडचण राहत नाही. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की करता येते. डॉक्टर म्हणाले, छत्रपती संभाजीनगरला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे होते. माझे बाबा मोसंबी घेऊन तिकडे जातात. ते म्हणाले, "टोपलीत घालून दे, मी नेईन." खर्चासाठी आम्ही पाच जणं अंडी विकून पैसे जमवत आहोत. उंदीर तर भाटीही धरते, बोक्यापेक्षा कमी नाही.

पालकांना विनंती: तुम्ही आज शाळा पाहायला आला आहात. भाटी पांढरी आहे, पाठीवर करडा ठिपका आहे. मातीच्या घमेल्यात जाते. भाकरी खाते. मोठ्या आवाजाला भिते. काकांनी दिलेले दोन महिने संपले आहेत, पण ते अजून काही बोलले नाहीत. ज्यांच्या घरी उंदराचे औषध टाकत नाहीत व सगळी माणसे तयार आहेत त्यांनी चौथीच्या वर्गात येऊन विचारावे. मी पहिल्या बाकावर बसते.

– इयत्ता चौथीची विद्यार्थिनी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. अंबड, जि. जालना